बारामतीच्या ‘ॲपे’ची धार बोथट होत आहे का?

मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनासाठी येणारा भाविक पुण्याहून सासवड-जेजुरीमार्गे येवो, की सोलापूर रस्त्यावरील चौफुल्याहून सुपेमार्गे, वाटेत कोठे ना कोठे त्याला पुढे निमुळती व मागे रुंद अशी तीनचाकी गाडी आडवी येतेच. चतुर्थीला तीत माणसे असतात, बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्या आणि एरवी दुधाचे कॅन. बारामती तालुक्याचा हा पश्चिमेकडचा पट्टा जिरायती आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोहोचले त्या सोमेश्वर-माळेगाव भागात ऊस आला, त्यामागून ट्रॅक्टर आणि ट्रक आले. मोरगाव, सुपे, लोणी भापकर या बाजूला माल थोडा आणि अंतरे लांब. येथे ट्रक परवडत नाही आणि बैलगाडी पुरत नाही. ही मधली जागा गेली पंचवीस वर्षे ज्या वाहनाने भरून काढली, ते ‘ॲपे’ याच तालुक्यात, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होते.

‘पियाजिओ’ या इटालियन कंपनीचे हे वाहन. मालवाहू तीनचाकींच्या भारतीय बाजारपेठेत ते एकेकाळी निर्विवाद अग्रेसर होते. देशात विकल्या जाणाऱ्या मालवाहू तीनचाकींपैकी जवळजवळ निम्म्या बारामतीच्या असत. आज ती स्थिती उरलेली नाही. प्रवासी आणि मालवाहू मिळून होणाऱ्या एकूण विक्रीत बजाज ऑटो कित्येक पटींनी पुढे आहे, तर विजेवर चालणाऱ्या तीनचाकींमध्ये महिंद्र आणि बजाज यांच्यात पहिल्या क्रमांकाची स्पर्धा चालते. बारामतीची धार गेली की बाजारच दुसरीकडे सरकला, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो. तो केवळ एका कंपनीचा नाही. सुटे भाग पुरविणारे लघुउद्योजक, तालुक्यातील कामगार आणि ‘ॲपे’च्या हप्त्यांवर संसार उभे करणारे चालक यांचेही भवितव्य त्याच्याशी जोडलेले आहे.

शिष्याने गुरूला गाठले

या कथेची सुरुवात बारामतीत होत नाही. रिनाल्डो पियाजिओ यांनी १८८४ मध्ये जिनोआजवळ स्थापन केलेली ही कंपनी आधी जहाजांची अंतर्गत सजावट, मग रेल्वेचे डबे आणि पुढे विमाने बनवीत असे. दुसऱ्या महायुद्धात पोन्तेदेरा येथील तिचा विमान कारखाना बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला. विमाने बनविण्यास वाव उरला नाही, पण अभियंते आणि कामगार होते. कोरादिनो द’अस्कानियो या हेलिकॉप्टरवर काम केलेल्या अभियंत्याने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ ही स्कूटर आणि १९४८ मध्ये तिच्याच मागे दोन चाकांची हौदा जोडून ‘आपे’ तयार केली. इटालियन भाषेत ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी आणि ‘आपे’ म्हणजे मधमाशी. युद्धाने मोडून पडलेल्या देशात दुकानदाराला, भाजीवाल्याला, गवंड्याला परवडेल असे ते वाहन होते. आपल्याकडे इंग्रजी अक्षरांवरून त्याचा ‘ॲपे’ असा उच्चार रूढ झाला आणि तोच टिकला.

याच वाहनाने भारतीय रिक्षाला जन्म दिला. इटालियन मालवाहू तीनचाकीवर प्रवासी बसविता येतील, ही कल्पना पुण्यात नवलमल फिरोदिया यांनी उचलून धरली. बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याखाली १९६० पासून आकुर्डीत स्कूटर व रिक्षा बनविण्यास सुरुवात केली. हा सहयोग करार १९७१ मध्ये संपला, तेव्हा बजाजने ‘व्हेस्पा’चे नाव सोडले आणि ‘चेतक’ आणली. तंत्र मात्र हातात राहिले. इतके, की पुढे बजाज जगातील सर्वांत मोठी तीनचाकी उत्पादक कंपनी ठरली. पियाजिओने नंतर कानपूरच्या एलएमएल कंपनीशी घरोबा केला. तो वादात संपला. शतक सरता सरता ही इटालियन कंपनी तिसऱ्यांदा भारतात आली ती स्कूटर न घेता ‘ॲपे’ घेऊन, आणि तिच्याच जुन्या शिष्याच्या अंगणात, पुणे जिल्ह्यात.

या वेळचा भागीदार होता ग्रीव्हज. ‘पियाजिओ ग्रीव्हज व्हेइकल्स’ या संयुक्त कंपनीची पहिली ‘ॲपे’ बारामतीतून बाहेर पडली तेव्हा १९९९ साल उजाडले होते. दोनच वर्षांत, २००१ मध्ये, पियाजिओने ग्रीव्हजचा हिस्सा विकत घेतला. इंजिनाचा पुरवठा मात्र ग्रीव्हजकडेच राहिला. ‘ॲपे’ची धार नेमकी कशात होती, ते समजण्यासाठी या इंजिनाकडे पाहावे लागते.

एका सिलिंडरची ताकद

त्या काळी बजाजची रिक्षा म्हणजे शहरातील वाहन होते. छोटे पेट्रोल इंजिन, तीन प्रवासी, गुळगुळीत रस्ता. खेड्यात चालणाऱ्या तीनचाकी तेव्हाही होत्या. लखनौच्या सरकारी कारखान्याची ‘विक्रम’ होती, बजाज टेम्पोची ‘मिनीडोर’ होती. पण त्यांचा आवाज, धूर आणि एकंदर रांगडेपणा यांमुळे लोकांनी त्यांना ठेवलेली नावे फारशी आदरार्थी नव्हती. ‘ॲपे’ने या दोहोंच्या मधली वाट काढली. सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे डिझेल इंजिन, पत्र्याचे बंदिस्त केबिन, मागे अर्धा टन माल कागदोपत्री आणि प्रत्यक्षात किती ते विचारू नये असा हौदा. डिझेल इंजिन कमी वेगातही जोर देते, त्यामुळे भरल्या गाडीने घाट किंवा ओढ्याचा चढ चढताना क्लच जळत नाही. यंत्ररचना इतकी साधी की तालुक्याच्या गावातला कोणताही मेस्त्री तासाभरात इंजिन उघडून बसे.

आणि डिझेल स्वस्त होते. हा मुद्दा पुढे वारंवार येईल, म्हणून येथेच नोंदवून ठेवणे बरे. सरकारी अनुदानामुळे पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात मोठी तफावत होती आणि ती तफावत हाच ‘ॲपे’चालकाचा नफा होता. एसटी न पोहोचणाऱ्या किंवा वेळेवर न येणाऱ्या मार्गांवर चालणारी ‘वडाप’ वाहतूक याच हिशेबावर फोफावली. परिवहन खात्याला ती मान्य नव्हती. शाळेच्या मुलांना, बाजारकऱ्यांना आणि जेजुरीहून मोरगाव गाठणाऱ्या यात्रेकरूंना ती सोयीची होती. त्यांच्यापैकी कोणी परवाना पाहून बसत नसे.

महिंद्रची ‘चॅम्पियन’ व ‘अल्फा’ आणि राजकोटच्या अतुल ऑटोच्या गाड्या याच धाटणीच्या होत्या. तरीही मालवाहू गटात पुढे राहिली ती ‘ॲपे’च. ‘झेरॉक्स’ म्हटले की कोणत्याही कंपनीचे यंत्र चालते, तसे ग्रामीण महाराष्ट्रात मोठी तीनचाकी म्हटली की तिला ‘ॲपे’च म्हणत. उत्पादकाला याहून मोठी पावती मिळत नाही.

छोटा हत्ती आला

पहिला धक्का २००५ मध्ये बसला आणि तो तीनचाकीने दिलेला नव्हता. टाटा मोटर्सने ‘एस’ हा चारचाकी छोटा ट्रक आणला. लोकांनी त्याचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. त्याची किंमत तीनचाकीपेक्षा जास्त होती, पण चौथे चाक होते, माल अधिक बसत होता, महामार्गावर भीती वाटत नव्हती. आणि आणखी एक गोष्ट होती जी किमतीच्या तक्त्यात दिसत नाही: चारचाकीच्या मालकाला गावात मिळणारा मान. लग्न ठरविताना मुलाकडे ‘गाडी’ आहे असे सांगता येई. टाटांनी हा व्यवहार बारकाईने ओळखला होता.

पियाजिओने उत्तर दिले नाही असे नाही. चार चाकांचा ‘ॲपे ट्रक’ आला, नंतर ‘पोर्टर’ आली. दोन्ही छोट्या हत्तीला हलवू शकल्या नाहीत. तीन चाकांवर जमलेला विश्वास चार चाकांवर आपोआप चढत नाही, असा याचा अर्थ. उलट टाटांच्या नावामागे ट्रकांची अनेक दशकांची पुण्याई होती.

तरीही शहरांतर्गत मालवाहतुकीत, अरुंद गल्ल्यांत आणि कमी भांडवलाच्या धंद्यात ‘ॲपे’ टिकून राहिली. खरा बदल पुढच्या दहा वर्षांत, हळूहळू झाला आणि तो कारखान्याच्या बाहेर झाला.

पायाखालची जमीन

जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढविण्यास सरकारने परवानगी दिली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पूर्णतः नियंत्रणमुक्त केले. पेट्रोल-डिझेलमधील तफावत आटत गेली. त्याच सुमारास शहरांभोवती सीएनजीचे पंप वाढू लागले. बजाजने मोठ्या आकाराची ‘मॅक्सिमा’ आणून आजवर ‘ॲपे’च्या मानल्या गेलेल्या प्रांतात पाय ठेवला, तर सीएनजीवर चालणारी छोटी रिक्षा हे तिचे हुकमी अस्त्र होतेच. २०१७ मध्ये महाराष्ट्राने रिक्षा परवान्यांवरील संख्येची मर्यादा उठवली. याचा लाभ साहजिकच प्रवासी रिक्षा विकणाऱ्याला झाला. बाजाराचा काटा मालाकडून माणसांकडे आणि डिझेलकडून वायूकडे झुकला. पियाजिओचे सामर्थ्य मात्र माल आणि डिझेल यांतच होते. तिची सीएनजी रिक्षाही होती, चांगली होती, पण त्या मैदानात ती पाहुणी होती.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली. एका सिलिंडरच्या साध्यासुध्या डिझेल इंजिनाची खरी परीक्षा येथे होती. मानकांत बसण्यासाठी इंधन पुरवठ्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि धूर शुद्ध करणारी उपकरणे आली. ‘ॲपे’ला ५९९ घनसेंटिमीटरचे नवे डिझेल इंजिन मिळाले, वायू व पेट्रोलसाठी २३० घनसेंटिमीटरचे. तांत्रिकदृष्ट्या ही इंजिने आधीच्यांपेक्षा सरस होती. पण गाडी महाग झाली आणि पाना-पेचकसाच्या बळावर चालणाऱ्या मेस्त्रीच्या हातून बरेचसे काम गेले. जी साधेपणाची धार होती तीच कायद्याने घासून काढली. याबद्दल कंपनीला दोष देता येणार नाही. हवा स्वच्छ व्हावी या हेतूलाही कोणी नावे ठेवणार नाही.

आणि त्याच महिन्यात देश टाळेबंदीत होता. तीनचाकींच्या देशांतर्गत घाऊक विक्रीचे आकडे बोलके आहेत. २०१८-१९ मध्ये सुमारे ७ लाख, २०२०-२१ मध्ये सव्वादोन लाखांहूनही कमी. दुचाकी किंवा मोटारींची विक्री इतकी कोसळली नाही. शाळा बंद, देवळे बंद, एसटी स्थानके ओस, तेव्हा रिक्षात बसणार कोण? विक्री सावरत २०२४-२५ मध्ये ७ लाख ४१ हजारांवर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर पोहोचली. पण परतलेला बाजार हा गेलेला बाजार नव्हता. या उभारीचा मोठा वाटा प्रवासी वाहनांचा, सीएनजीचा आणि विजेचा होता. वाळूजमधून बाहेर पडणाऱ्या बजाजच्या गाड्यांनी त्याचा सिंहाचा हिस्सा घेतला.

गोल्फच्या मैदानावरचे उदाहरण

आघाडीची कंपनी धार गमावते तेव्हा कारणे नेहमी सारखी नसतात. खेळाच्या साहित्यातील एक उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडेल. अमेरिकेतील टेलरमेड या कंपनीने १९७९ मध्ये गोल्फची लाकडी डोक्याची काठी बाजूला सारून धातूच्या डोक्याची काठी लोकप्रिय करण्यास सुरुवात केली आणि पुढे ती या धंद्यातील अग्रगण्य कंपनी झाली. त्यानंतर २०१० च्या दशकात तिने इतक्या घाईने एकामागून एक नवी मॉडेल्स बाजारात ओतली, की दुकानदारांकडे आधीचाच माल पडून राहिला आणि ग्राहक सवलतीची वाट पाहू लागला. २०१४ मध्ये विक्री गडगडली. मालक असलेल्या आदिदासने अखेर २०१७ मध्ये ही कंपनी एका गुंतवणूक संस्थेला विकून टाकली. विशेष म्हणजे नंतरही तिच्या काठ्या अव्वल खेळाडूंच्या हाती राहिल्याच. तेथे वस्तू बिघडली नव्हती, विकण्याची रीत बिघडली होती.

बारामतीचे प्रकरण याच्या उलट आहे. येथे मॉडेल्सचा भडिमार झाला नाही. झाला असेल तर उशीर झाला. शिवाय गोल्फची काठी बदलली नाही तर खेळाडूचे फार बिघडत नाही. रिक्षाचालकाचे तसे नसते. पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेली गाडी चुकीच्या इंधनाची निघाली तर त्याचे उत्पन्नच थांबते. म्हणून तो ब्रँडशी निष्ठा ठेवत नाही, हप्ता आणि इंधन यांच्या बेरजेशी ठेवतो.

विजेच्या गाडीत आधी, तरी मागे

या सर्व कहाणीतील सर्वांत चटका लावणारा भाग विजेच्या गाड्यांचा आहे. कारण तेथे पियाजिओ झोपलेली नव्हती. महिंद्रची ‘ट्रिओ’ नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. त्यानंतर सव्वा वर्ष उलटायच्या आत, डिसेंबर २०१९ मध्ये, पियाजिओने ‘ॲपे ई-सिटी’ सादर केली. बजाजच्या विजेच्या तीनचाकी २०२३ मध्ये बाजारात उतरल्या, म्हणजे चांगली तीन वर्षे नंतर. एवढा वेळ हाती असूनही आघाडी का टिकली नाही?

एक उत्तर असे की, पियाजिओने सुरुवातीला बॅटरी बदलून घेण्याच्या पद्धतीवर भर दिला. चालकाने रिकामी बॅटरी केंद्रावर द्यायची, भरलेली घ्यायची, बॅटरीची किंमत गाडीत नसल्याने हप्ता हलका. कल्पना सुबक होती. पण अशी केंद्रे जागोजागी असतील तरच ती चालणार आणि ती मोजक्या शहरांतच होती. मोरगावसारख्या गावात तर भाड्याने जाऊन परत येईपर्यंतची खात्री हवी, म्हणजे बॅटरी गाडीतच हवी आणि रात्री घरच्या प्लगवर भरता आली पाहिजे. कंपनीने २०२१ मध्ये कायम बसविलेल्या बॅटरीची ‘एफएक्स’ मालिका आणली खरी, तोवर महिंद्रने जम बसवला होता. दिल्लीची ‘यूलर’ यांसारख्या नव्या कंपन्या ई-व्यापाराच्या पार्सलवाहतुकीत शिरल्या होत्या. म्हणजे ज्या मालवाहू गटात ‘ॲपे’चे राज्य होते, त्याच गटात. जुना भागीदार ग्रीव्हजही स्वतःच विजेच्या वाहनांच्या धंद्यात उतरला.

बजाज उशिरा आली, परंतु तिच्यामागे गावोगावचे विक्रेते, सेवाकेंद्रे आणि कर्ज देणारी यंत्रणा होती. विजेच्या गाडीत इंजिनाचे कसब उरत नाही. मोटर व बॅटरी कोणीही विकत घेऊन जोडू शकतो. मग उरते ते जाळे आणि पतपुरवठा. पियाजिओची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या म्हणजे छोट्या इंजिनाची विद्या, आणि नेमकी तिचीच गरज कमी झाली. ‘धार बोथट झाली’ म्हणण्यापेक्षा, ज्या कामासाठी ती धार लावली होती ते कामच कमी झाले, हे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

तथापि कंपनीने हात टेकलेले नाहीत. जुलै २०२५ मध्ये तिने १०.२ किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीची ‘ई-सिटी अल्ट्रा’ आणली आणि एका भारणात २३६ किलोमीटरपर्यंतच्या पल्ल्याचा दावा केला. पुणे ते मोरगाव अंतर सुमारे ६५ किलोमीटर. दावा निम्मा जरी खरा मानला, तरी जिरायती पट्ट्यातील चालकाची मूळ शंका दूर होते. किंमत, कर्जाचा व्याजदर आणि काही वर्षांनी जुन्या गाडीला येणारा भाव या शंका मात्र उरतात. तिसरी सर्वांत अवघड, कारण जुनी डिझेल ‘ॲपे’ विकताना गिऱ्हाईक शोधावे लागत नसे.

कारखाना आणि गाडी, दोन वेगळे हिशेब

‘ॲपे’ची घसरण म्हणजे बारामतीच्या कारखान्याची घसरण, असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. एप्रिल २०१२ मध्ये येथे ‘व्हेस्पा’चा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. महागडी असल्याने ती भारतात कधीच घरोघरची स्कूटर झाली नाही. ती जागा तिच्याच वंशातल्या ‘चेतक’ने आधीच्या पिढीत व्यापून सोडली होती. २०१६ मध्ये ‘एप्रिलिया एसआर १५०’ आली. पण खरे लक्ष वेधून घेतले ते २०२३ च्या अखेरीस भारतीय बाजारात उतरलेल्या ‘एप्रिलिया आरएस ४५७’ या मोटारसायकलने. इटलीत आरेखित झालेली ही शर्यतीच्या घराण्यातील गाडी बारामतीत तयार होते आणि परदेशी जाते. दुधाचे कॅन वाहणारी तीनचाकी आणि युरोपातील तरुणांची मोटारसायकल एकाच औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडतात, ही विसंगती गमतीची आहे, पण कामगारांच्या दृष्टीने ती विम्यासारखी आहे.

सुटे भाग पुरविणाऱ्यांना मात्र हा विमा तेवढा लागू पडत नाही. डिझेल इंजिनाला लागणारे ओतीव व यंत्रित भाग, गिअर, सायलेन्सर, इंधन नळ्या यांतले बरेचसे विजेच्या गाडीत नसतातच. उच्च दर्जाच्या मोटारसायकलचे भाग बनविण्यासाठी लागणारी यंत्रे आणि काटेकोरपणा वेगळा. पत्राकाम, सांगाडा, आसने करणाऱ्यांना फारसा फरक पडणार नाही. इंजिनाच्या भागांवर अवलंबून असलेल्यांना पडेल. हेच रस्त्याकाठच्या मेस्त्रींचे. त्यांच्या दृष्टीने ‘ॲपे’ बारामतीची असो वा अन्य कोणाची विजेची गाडी असो, इंजिन नसलेली गाडी म्हणजे निम्मे गिऱ्हाईक गेलेलेच.

निर्यातीचाही एक पदर आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि शेजारी देशांत बारामतीच्या तीनचाकींना मागणी आहे. जेथे रस्ते कच्चे, डिझेल हेच इंधन आणि मेस्त्री हाच विक्रीपश्चात सेवेचा आधार, तेथे ‘ॲपे’चे जुने गुण अजून गुणच आहेत. सुप्याच्या बाजारात पंचवीस वर्षांपूर्वी जे हिशेब झाले, ते आता तिकडे होत आहेत. या बाजारांना चलनटंचाईचे आणि राजकीय उलथापालथींचे ग्रहण वारंवार लागते, ही त्यातली मेख.

दरम्यान, खुद्द इटलीत ‘आपे’चा मूळ संसार आटोपला आहे. युरोपातील प्रदूषण व सुरक्षिततेचे नियम त्या छोट्या गाडीला झेपेनासे झाले आणि पोन्तेदेरा येथील तिचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय २०२४ च्या अखेरीस जाहीर झाला. १९४८ मध्ये जेथे ती जन्मली, तेथे ती आता बनत नाही. युरोपबाहेरच्या बाजारांसाठी तिचे उत्पादन भारतात, म्हणजे बारामतीत, चालू ठेवण्याचे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले.